आप्पांच्या दारातली हलगी

मित्रांनो, मी एक जुनी हलगी आहे. पण नेमकी किती जुनी, ते मला सांगता येणार नाही. माझे लोखंडी कडे मला पहिल्यांदा वाजवणाऱ्या बंकटच्या लग्नाआधीचे आहे. कातडे मात्र अनेकदा बदलले. मग माझे वय कड्याचे धरायचे की कातड्याचे? यावर मी पुष्कळ विचार केला आणि तो अजून संपलेला नाही. आवाज मोठा असला की लोकांना वाटते, हिला सगळे ठाऊक असेल. तसे नसते. पुढे जे सांगणार आहे ते तरी मला बरोबर आठवते आहे ना, अशी शंका मनात आहेच. तरी सांगते.

माझे कडे नेकनूरच्या बाजारात एका लोहाराने ठोकले. त्यावर शेळीचे ओले कातडे ताणून बसवले, सावलीत वाळवले आणि बंकटने मला खांद्याला अडकवले. त्याच्या उजव्या हातात जाड टिपरू असे, डाव्या हातात बारीक काडी. हलगीची एक खोड तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. थंड हलगी बद्द वाजते. वाजवण्याआधी उसाचे पाचट किंवा कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून तिला जाळावर धरावे लागते. कातडे तापते, ताणले जाते, मग नुसती टिचकी मारली तरी आवाज वेशीपर्यंत जातो. जास्त तापले तर मात्र ते चिरते. कुठे थांबायचे, हे वाजवणाऱ्याच्या तळहाताला कळते.

बंकटच्या काळात माझ्यावाचून वरात निघत नसे. जत्रा, पोळा, निवडणुकीचा गुलाल, सगळीकडे मी पुढे. “हलगीबिगर शोभा न्हाई,” असे नवरदेवाचे वडील म्हणायचे. पण पंगती बसल्या की बंकट मला घेऊन मांडवाच्या बाहेर बसायचा. त्याचे ताट तिथे यायचे, आणि शेवटी यायचे. मला तेव्हा त्याचे काही वाटत नव्हते, की वाटत होते आणि सांगता येत नव्हते, हे आता कसे कळणार?

बंकट गेला आणि मी त्याच्या मुलाकडे, बिभीषणकडे आले. तोवर गावात डीजे आला होता. मी खुंटीवर गेले. खांद्याला अडकवायची माझी वादी उंदरांनी कुरतडली. बिभीषणची मुलगी अंजू मला पालथी घालून माझ्या पोटात मिरच्या वाळत घालायची. त्या दिवसांत मी कोणाच्याच उपयोगाची नव्हते, असे म्हणणे मिरच्यांवर अन्याय होईल. पण हलगी म्हणून मी संपले होते.

मग आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. आमचे गाव आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव न घेतलेलेच बरे. घरपट्टी वाढली, लोक भरेनात. तेव्हा कचेरीत कोणाला तरी सुचले की, ज्याची पट्टी थकली असेल त्याच्या दारात हलगी वाजवायची. लाजेने तरी भरेल. दर वर्षी वसुलीच्या दिवसांत बिभीषणला रोजावर बोलावू लागले. मला नवे कातडे मिळाले, पुन्हा जाळ मिळाला. मी आनंदले होते. पण कोणाच्या दारात वाजले की घरातले लोक कडी लावून घेत. शेजारचेही आपापली खिडकी ओढून घेत. वरातीत मी वाजले की माणसे बाहेर धावत यायची. इथे माणसे आत जात होती.

मनकर्णाबाईंच्या दारात मी अशीच एकदा वाजले. नवरा नाही, मूल नाही, पत्र्याच्या दोन खोल्या आणि शेळ्या. त्या वर्षी शेळ्यांत रोग आला होता. त्याही आत गेल्या आणि कडी लावली. दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी उसने घेऊन त्यांनी कचेरीत सगळी पट्टी भरली. त्यानंतर दर वर्षी, कोणी मागायच्या आधी, त्या रांगेत पहिल्या असत.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते.

आप्पाराव हे आमच्या गावचे मोठे पुढारी. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. गावात नळयोजना त्यांनीच आणली, हे कबूल केले पाहिजे. अंजू तापाने फणफणली तेव्हा तिला बीडच्या दवाखान्यात त्यांच्याच गाडीतून नेले, हेही खरे. त्यांचा तीन मजली बंगला बसस्टँडवरून दिसतो. आत लिफ्ट आहे, असे सांगतात. मी पाहिलेली नाही.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला आप्पांच्या मनात आले की, प्रामाणिक करदात्यांचा जाहीर सत्कार व्हावा आणि पहिला सत्कार आपला व्हावा. लोकांना तेवढाच धडा मिळेल. नगरपंचायतीच्या अंगणात झेंडा झाला. शाल आली, नारळ आला, मीही होते. माईकवर वसुलीचे कारकून हरिओम होते. हे हरिओम गावच्या सप्ताहात दरसाल देणगीदारांची नावे पुकारतात. नाव घ्यायचे, रक्कम सांगायची, आणि मी तीन ठोके द्यायचे, अशी आमची गेल्या काही वर्षांची सवय. तो दिवस सप्ताहाचा नव्हता, एवढेच ते विसरले.

“श्रीमान आप्पारावजी यांच्याकडून,” हरिओम खड्या आवाजात म्हणाले, “घरपट्टी, रुपये दोनशे चाळीस फक्त!”

बिभीषणनेही सवयीने तीन ठोके दिले.

“किती म्हनला?” बायकांच्या बाजूने मनकर्णाबाईंचा आवाज आला.

“दोनशे चाळीस,” हरिओम माईकवरच बोलून गेले.

“मंग मला यंदा सहाशे ऐंशीचं बिल कावून? माज्या तर दोन पत्र्याच्या खोल्या हायत.”

हरिओमनी हातातल्या कागदाकडे पाहिले. “आप्पांच्याबी... दोन पत्र्याच्या खोल्याच हायत, मावशी.”

कोणीतरी हसले. मग दुसरे कोणीतरी. आप्पा शाल पांघरून उभे होते. ते हसणाऱ्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “जिलेबी वाटा.”

त्या संध्याकाळपासून गावाला दुसरा विषय राहिला नाही. वेल्डिंगवाले पाशाभाई चहाच्या गाड्यावर सांगत होते, “त्या बंगल्याचं फाटक मी बनवलं, मियाँ. वरची भाल्याची टोकं पितळेची. पर पत्रा म्हणून एक न्हाई नेला माज्याकडून!”

“मंग लिफ्ट पत्र्याच्या कोन्त्या खोलीत हाय बे?” एकाने विचारले.

“वरच्या. खालच्या खोलीत शेळ्या बांदतेत.”

लोक रस्ता सांगताना म्हणू लागले, पत्र्याच्या घरावरून डावीकडं वळा. एका पोराने बंगल्याचा फोटो मोबाईलवर टाकला आणि खाली लिहिले, ‘गरिबाची झोपडी’. नव्या मुख्याधिकारी मॅडमना विचारायला माणसे गेली. मॅडम म्हणाल्या, आप्पांची नोंद बंगल्याआधीची आहे, दरही जुनाच लागतो, फेरमोजणी प्रक्रियेत आहे. तेव्हापासून गाड्यावर चहाला उशीर झाला की चहावाला म्हणे, “चहा प्रक्रियेत हाय.”

मित्रांनो, हसण्याचे दिवस थोडेच टिकले. आप्पांचा पुतण्या हनुमान मोटारसायकलवरून गावात फिरू लागला. तो कोणाला धमकी देत नसे. दुकानापुढे गाडी उभी करून नुसते विचारी, “त्या दिवशी लई हसू आल्तं म्हने तुला?” फोटो टाकणारा पोरगा उमापूरला बहिणीकडे गेला आणि तिकडेच राहिला. पाशाभाईंना कचेरीच्या खिडक्यांचे काम मिळणार होते; ते दुसऱ्याला गेले. गाड्यावरचा चहा पुन्हा वेळेवर मिळू लागला, कारण कोणी तिथे थांबेनासे झाले. बिभीषण घरी आला की मला पाहायचा आणि तोंड फिरवायचा. त्याने दिलेले ते तीन ठोकेही हनुमानच्या ध्यानात होते.

पण लोकांनी एक केले. बोलणे बंद केले आणि पट्टी भरणेही बंद केले. दरसाल फेब्रुवारीत पहिल्या येणाऱ्या मनकर्णाबाईही आल्या नाहीत; महिना संपला तरी कचेरीतली खिडकी ओस. वरून मॅडमना विचारणा होऊ लागली. मार्च लागला आणि मोहीम ठरली: आधी दारात हलगी, तरी न भरल्यास त्याच संध्याकाळी नळ तोडायचा. पहिले घर मनकर्णाबाईंचे. पहिला प्रश्न ज्यांनी विचारला त्यांचेच घर पहिले कसे आले, हे मी कसे सांगू? मी त्या खोलीत नव्हते.

पैसे त्यांच्याकडे नव्हते असे नाही. आदल्या दिवशी हरिओम समजवायला गेले तेव्हा त्यांनी पदराची गाठ दाखवली, असे पुढे माझ्या कानावर आले.

“हे बघ. पैशे हायत. आप्पाचं घर मोजा, तितंच भरते.”

“मावशी, नळ तोडतेल. बोअर आटलेत. टँकर कवा येतो, कवा न्हाई. शेळ्या मरतेल ना.”

“म्हाईत हाय.”

“मंग?”

“मंग काय? तुमच्या भ्याव दावल्यानं मी एकदा रातभर रडले, हरिओम. घरात कोंडून घेऊन. माज्याकडं तवा खरंच पैशे नव्हते. आता हायत, तर मी कावून भ्यावं?”

हरिओम परत जाताना बिभीषणच्या दारावरून गेले. “उद्या वेळेवर ये बाबा,” एवढेच म्हणाले. त्या दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले नाही.

सकाळी मनकर्णाबाईंच्या दारापुढे बिभीषणने पऱ्हाट्या पेटवल्या आणि मला जाळावर धरले. तो मला फार वेळ फिरवत राहिला. कातडे इतके ताणले गेले की आता चिरते, असे मला वाटले. या वेळी मात्र शेजारच्या खिडक्या उघड्याच राहिल्या. माणसे ओट्यावर आली, मग रस्त्यावर. नळ तोडणारा माणूस पान्हा घेऊन भिंतीपाशी बसला होता. मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागून शेळ्या डोके काढत होत्या.

“वाजव, बिभीषणा,” त्या म्हणाल्या. “तुजं पोट हाय त्याच्यावर. मी आत जानार न्हाई, येवडंच.”

“आदी आप्पाच्या दारात वाजव ना बे!” गर्दीतून कोणीतरी ओरडले.

हरिओम घाबरून म्हणाले, “आप्पांची बाकी न्हाई. जेवडी लावली तेवडी त्यांनी भरली. बाकी असल त्याच्याच दारात वाजवायचं, असा हुकूम हाय.”

हे अगदी खरे होते.

बिभीषणने टिपरू उचलले आणि वाजवायला सुरुवात केली. हुकूम होता तेवढा वेळ तो वाजवत राहिला. मनकर्णाबाई हलल्या नाहीत. हरिओमनी हाताने बस म्हटले. बिभीषण थांबला नाही. पुन्हा बस म्हटले. तो वाजवतच वळला आणि रस्त्याने चालू लागला. मला वाटले, याला ऐकू आले नसेल. पण कोपऱ्यावर तो घराकडे वळला नाही, बंगल्याकडे वळला. हा माणूस भीत होता आणि चालत होता. आमच्या मागे पावले वाजू लागली. किती, ते मला दिसले नाही.

पितळी टोकांच्या त्या फाटकापुढे तो उभा राहिला आणि वाजवत राहिला. आप्पा बाहेर आले. पांढरा सदरा, पायांत चपला. रागावलेले नव्हते. गर्दीवरून नजर फिरवून ते बिभीषणपाशी आले आणि अगदी हळू, मायेने म्हणाले,

“बिभीषण, अंजू कशी हाय रे?”

बिभीषणचा ठोका चुकला. इतक्या वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच चुकला.

“बरी हाय, आप्पा.”

“साळंला जाती का?”

“जाती.”

“चांगलंय.” आप्पांनी खिशातून पाचशेची नोट काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. “वाजव. आपल्या दारात हलगी म्हंजे मानच हाय. हे घे बक्षीस.”

मित्रांनो, आमची एक रीत आहे. हलगीवाल्याने बक्षीस घेतले की थांबायचे, आणि देणाऱ्याचे नाव घेऊन मोठ्याने पुकारायचे, अमक्यांकडून हलगीला इतके बक्षीस. मग तीन ठोके. लग्नात बंकटने हे किती वेळा केले असेल. आणि नोट कधी परत करायची नाही. तो देणाऱ्याचा अपमान असतो. ही रीत तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती. बिभीषणने ती नोट घेतली असती तर आम्ही आप्पांच्या दारात त्यांची लाज काढायला नव्हे, त्यांचा मान करायला आलो होतो, असे झाले असते. सगळे गाव वरातीला आल्यासारखे घरी गेले असते. आणि संध्याकाळी पान्हा घेऊन तो माणूस मनकर्णाबाईंच्या नळाकडे गेला असता.

नोट बिभीषणच्या डोळ्यांपुढे होती. आप्पांचा हात हलत नव्हता.

“आप्पा,” बिभीषण म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक होता की पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेला असेल, “तुमी अंजूला नेलं, त्ये मी मरस्तोवर इसरनार न्हाई. पर ह्ये मला घेता येत न्हाई.”

त्याने टिपरू उचलले आणि पुन्हा वाजवायला सुरुवात केली.

आप्पांनी नोट घडी करून खिशात ठेवली. हनुमान मात्र पुढे आला. त्याने मला बिभीषणच्या खांद्यावरून ओढले आणि फाटकावर आपटले. पितळेचे टोक माझ्या कातड्यातून आरपार गेले. जाळावर मी नेहमी ज्याला भीत होते ते असे, भर उन्हात, झाले. मला वेदना झाली का, असे विचाराल. मला आठवते ते एवढेच की आवाज बंद झाला आणि सगळे ऐकू येऊ लागले. कोणाचा तरी खोकला. लांबून शेळीचे ओरडणे.

आता लोक पळणार, असे मला वाटले. हनुमानलाही तसेच वाटले असावे. तो त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. तेव्हा मनकर्णाबाई पुढे आल्या आणि रस्त्यावर, फाटकाच्या समोर, खाली बसल्या. घोषणा नाही, काही नाही. पाशाभाई त्यांच्या मागे बसले. मग बाकीचे बसत गेले. ऊन चढत होते. रस्ता अडला, आष्टीची बस थांबली, आणि तासाभराने मॅडम आल्या. त्यांनी फाटकावर अडकलेल्या मला पाहिले, मग आप्पांकडे पाहिले.

“आप्पासाहेब, आजच मोजून घेऊ का?” त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज तितकासा घट्ट नव्हता.

आप्पा गावाकडे पाहत होते. बसमधले प्रवासी खिडक्यांतून डोकावत होते. मला वाटते, हसण्यापेक्षा हे गप्प बसणे त्यांना जड गेले. “मोजा की,” ते शेवटी म्हणाले. “मी कवा नको म्हनलो?”

हरिओमनी टेप काढला. पण टेपला दोन टोके असतात. दुसरे टोक भिंतीच्या कोपऱ्याशी कोणीतरी धरायला हवे होते, आणि कचेरीचा शिपाई गर्दीत दिसेनासा झाला होता. नळवाला पान्ह्याकडे बघत राहिला. हरिओम एक टोक हातात घेऊन तसेच उभे.

“आन इकडं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या फाटकातून आत गेल्या, संगमरवरी पायरीच्या कडेने जाऊन कोपऱ्यात उकिडव्या बसल्या आणि त्यांनी टेपचे टोक अंगठ्याखाली दाबून धरले. “हं. वढ आता.”

मोजणी दुपार टळेपर्यंत चालली. आप्पांचे घर पत्र्याच्या दोन खोल्यांचे नाही, असे सरकारी अक्षरात प्रथमच लिहिले गेले. त्या संध्याकाळी नळ तुटला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी मनकर्णाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या मागे रांग होती.

सगळे नीट झाले, असे मी म्हणणार नाही. आप्पांना नवी पट्टी लागली. मागच्या वर्षांचे काय, ते अजून प्रक्रियेत आहे. लोक त्यांना नमस्कार करतात, तेही करतात. बिभीषणला मात्र कचेरीने पुन्हा बोलावले नाही. आता थकबाकीदारांची नावे कचऱ्याच्या गाडीवरचा कर्णा सांगत फिरतो. बिभीषण पाशाभाईंच्या दुकानात लोखंड उचलायला जातो. मी फाटलेली आहे, भिंतीला टेकून. अंजू येता-जाता भोकातून हात घालते आणि तिच्या बापाला राग येतो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी मागणे मागायची पद्धत आहे. माझे काय मागणे असावे, यावर मी बराच विचार केला. हलगीला ओलीत ठेवू नका, उंदरांपासून जपा, हे तर आहेच. पण कातडे फाटले तर बाजारात मिळते. मला दुसरेच सांगायचे आहे, आणि ते मला नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. कोणाच्या दारात वाजायचे, हे मला ठरवता येत नाही. ते कोणी तरी दुसरेच ठरवते. तेव्हा तुमच्या गल्लीत कोणाच्या दारापुढे हलगी वाजू लागली, किंवा कर्ण्याची गाडी येऊन थांबली, तर खिडकी लावून घेऊ नका. बाहेर या आणि त्या माणसाशेजारी उभे राहा. काही बोलायला सुचले नाही तरी चालेल. उभे राहा.